प्लास्टिकच्या डब्याचा सम्प: लिटर बघू नका, पाण्याची उंची बघा

खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक लावला की आज ना उद्या सम्पचा विषय निघतोच, आणि काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या तयार सम्पचा भाव ऐकला की नजर आपोआप घरातल्या मोठ्या प्लास्टिकच्या स्टोरेज डब्याकडे जाते. डबा हलका असतो, फुटून काचा होत नाहीत, कॅबिनेटच्या अरुंद दारातून थोडा दाबून आत सरकवता येतो, आणि वर छापलेलं असतं ६० लिटर, ८० लिटर. मग प्रश्न येतो, चालेल का? तर चालतो, बऱ्याच जणांचा वर्षानुवर्षं चालतो, पण तो ६० लिटरचा आकडा विसरा. तो आकडा चादरी आणि खेळणी ठेवण्यासाठी आहे. पाणी ठेवताना दोनच गोष्टी बघायच्या असतात, पाणी किती उंच उभं राहणार, आणि वीज गेली की ते अजून किती चढणार.

आधी ज्यांना सम्प म्हणजे नक्की काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मुख्य टँकच्या खाली अजून एक टाकी असते. वरच्या टँकमधलं पाणी एका ठरावीक उंचीच्या वर गेलं की ओव्हरफ्लोतून पाइपने स्वतःच्या वजनाने खाली येतं, खाली स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर, फिल्टर सॉक (गाळायची पिशवी) असं जे काय असेल त्यातून फिरतं, आणि रिटर्न पंप ते परत वर ढकलतो. फायदे सरळ आहेत, एकूण पाणी वाढतं त्यामुळे खारेपणा आणि तापमान पटकन हलत नाही, सगळं सामान नजरेआड जातं, आणि बाष्पीभवनाने पाणी कमी झालं तरी वरच्या टँकची पातळी तशीच दिसते कारण जी घट होते ती खाली सम्पमध्ये होते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दाबाचं गणित. घाबरू नका, अगदी सोपं आहे. भिंतीवर पाण्याचा दाब किती हे पाण्याच्या खोलीवर ठरतं, डब्यात एकूण किती लिटर आहे त्यावर नाही. आणि त्या भिंतीवर एकूण जो जोर पडतो तो खोलीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाणी दुप्पट उंच केलं की जोर चौपट. ६० सेंटिमीटर लांब बाजू असलेला डबा घ्या. त्यात २० सेंटिमीटर समुद्राचं पाणी भरलं तर त्या एका बाजूवर साधारण १२ किलोचा जोर पडतो. तेच ४० सेंटिमीटर भरलं तर जवळपास ४९ किलो. तोच डबा, तेच प्लास्टिक, फक्त पाणी दुप्पट उंच. म्हणून उंच अरुंद डब्यापेक्षा बसका, पसरट डबा कधीही बरा, आणि भरायचा तो अर्धा किंवा फार तर दोन तृतीयांश, काठापर्यंत कधीच नाही.

बरं, ४९ किलोने डबा लगेच फाटतो का? नाही फाटत, आणि तिथेच लोक फसतात. संध्याकाळी भरून बघितला, थोडा फुगला पण टिकला, म्हणजे झालं असं वाटतं. प्लास्टिकचा स्वभाव असा की सतत एकाच बाजूने भार राहिला की ते हळूहळू वाकत जातं आणि परत येत नाही, पुस्तकांनी भरलेली फळी वर्षभरात मधे झोकते तसंच. याला क्रीप म्हणतात. त्यात खालचं पाणी २५–२६ डिग्री गरम, कॅबिनेटमध्ये हवा कोंडलेली, आणि प्लास्टिक जितकं गरम तितकं हे वाकणं जास्त. पहिल्या दिवशी १ सेंटिमीटरचा फुगवटा काही महिन्यांत ३ सेंटिमीटर होऊ शकतो, आणि तो वाढला की झाकणाची कड, कोपरे, हँडलजवळची जागा इथे ताण साठतो. पांढरट रेघा दिसायला लागल्या की समजायचं प्लास्टिक आता दमलंय.

कुठलं प्लास्टिक आहे ते डब्याच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो त्यावरून कळतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ म्हणजे एचडीपीई, ४ म्हणजे एलडीपीई. २ किंवा ५ आकड्याचा, जाड भिंतीचा, थोडा लवचिक डबा आपल्या कामाचा. ४ वाला फार मऊ, तो फुगतो. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, तो काचेसारखा पारदर्शक छान दिसतो आणि आतलं सगळं दिसतं म्हणून मोह होतो, पण तो वाकत नाही, तडकतो, आणि तडकायच्या आधी काही सांगत पण नाही. तो नकोच. अंगठ्याने बाजू दाबून बघा, सहज आत जात असेल तर पाणी ती तितक्याच सहज बाहेर ढकलणार. गोल आकाराचे ड्रम आणि बादल्या याबाबतीत फार चांगल्या, कारण गोल भिंतीवर ताण सगळीकडे सारखा वाटला जातो, फुगायला सपाट बाजूच नसते. जागा असेल तर गोल टाकीचा विचार जरूर करा, कॅबिनेटमध्ये मात्र ती जागा खाते. जनावरांना पाणी पाजायला जाड पॉलिथिनच्या पसरट टाक्या येतात त्या तर मुळात पाणी धरण्यासाठीच बनवलेल्या असतात, मोठ्या सिस्टिमला तळघरात वगैरे लोक त्याच वापरतात, आणि माझं मत विचाराल तर २०० लिटरच्या वरचा सम्प हवा असेल तर स्टोरेज डब्याच्या नादी लागूच नका, सरळ तसलं काहीतरी घ्या.

डबा आधी कशासाठी वापरला होता तेही बघायचं. औषधं, कीटकनाशक, साबण, फिनेल असलं काही ठेवलेला डबा कितीही धुतला तरी नको, प्लास्टिक वास शोषून घेतं तसं बाकीचंही शोषतं. अँटिबॅक्टेरियल लिहिलेले डबे पण नकोत, आपल्याला तर बॅक्टेरिया हवेच आहेत, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट तेच करतात. नवीन डबा साबण न लावता गरम पाण्याने आणि व्हिनेगरने धुवायचा, दोन दिवस पाणी भरून ठेवायचं, ओतून द्यायचं, बस. आणि हँडलला, चाकांना, क्लिपला धातूची तार किंवा पिन असेल तर ती काढून टाका, खारं पाणी ती गंजवणार, आणि तांब्याचा अंश जरी पाण्यात उतरला तरी कोळंबी, गोगलगाय, कोरल यांचं काही खरं नाही.

आता मुख्य घोळ, पार्टिशनचा. काचेच्या सम्पमध्ये बॅफल म्हणजे आडव्या काचा सिलिकॉनने चिकटवतात आणि कप्पे करतात. प्लास्टिकच्या डब्यात हे जमत नाही, कारण पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिनला सिलिकॉन धरतच नाही, सुकल्यावर चिकटल्यासारखं वाटतं आणि आठवड्याने नखाने सोलून निघतं. घरात मिळणारे बाकीचे गोंद पण तसेच. त्यात डब्याची भिंत फुगणार म्हणजे चिकटवलेली पट्टी सुटणारच. म्हणून डब्यात काही चिकटवायचा विचारच सोडून द्या. आणि भिंतीला भोक पाडून टँक कनेक्टर बसवायचा विचारही शक्यतो सोडून द्या, पातळ वाकणाऱ्या भिंतीवर रबराची सील नीट बसत नाही, आज नाही गळलं तर फुगवटा वाढल्यावर गळेल. पंप पाण्यात बुडणारा घ्यायचा, पाइप काठावरून वर न्यायचा, डबा अखंड ठेवायचा.

पण मग कप्पे नसलेला एकच मोठा डबा वापरला तर काय बिघडतं? दोन गोष्टी बिघडतात. एक तर स्किमर. स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं, पातळी दोन सेंटिमीटर खाली गेली की फेस बनणं मंदावतं, वर गेली की कप ओसंडून वाहतो. एकाच डब्यात बाष्पीभवनाची सगळी घट तिथेच होते, म्हणजे स्किमर रोज वेगळा वागणार.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि तिचा विचार कमी लोक करतात. समजा वरच्या ओव्हरफ्लोत गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा अडकला आणि ड्रेन बंद पडला. पंपाला ते कळत नाही, तो खालचं पाणी वर ढकलतच राहतो, जोपर्यंत त्याच्या तोंडाशी पाणी आहे तोपर्यंत. डबा ६० बाय ४० सेंटिमीटर, पाणी २२ सेंटिमीटर, पंपाचं तोंड तळापासून ५ सेंटिमीटरवर. म्हणजे १७ सेंटिमीटर उंचीचं पाणी, जवळपास ४१ लिटर, वर जाणार. वरचा टँक १२० बाय ४५, ओव्हरफ्लोपासून काठापर्यंत ३ सेंटिमीटर मोकळी जागा म्हणजे १६ लिटरची सोय. उरलेले २५ लिटर खारं पाणी कुठे जाणार ते सांगायला नको. काचेच्या सम्पमध्ये पंपाचा कप्पा छोटा असतो म्हणून पंप तेवढंच उचलतो आणि मग कोरडा फिरतो, इथे ते कुंपणच नाही.

यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे डब्यात डबा. मोठ्या डब्यात एक छोटा, ताठ भिंतीचा डबा ठेवायचा, समजा ३५ बाय ३० सेंटिमीटरचा आणि २२ सेंटिमीटर उंच. वरून येणारा ड्रेन या आतल्या डब्यात सोडायचा, स्किमर आणि हीटर पण यातच, आणि हा डबा भरून काठावरून पाणी बाहेरच्या मोठ्या डब्यात सांडत राहणार, तिथे रिटर्न पंप. काही चिकटवायचं नाही, काही भोक नाही, काठाला एका बाजूला कंगव्यासारख्या खाचा केल्या की पाणी तिथूनच शांत उतरतं. आतल्या डब्यातली पातळी कायम काठाइतकीच, बाष्पीभवन झालं तरी नाही हलत, स्किमर खूश, हीटर कधी उघडा पडत नाही. आणि आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच असल्यामुळे त्याचं वजन डब्याला खाली दाबून ठेवतं. हेच उलटं केलं, म्हणजे पंप आतल्या डब्यात ठेवला, तर आतली पातळी बाहेरच्यापेक्षा खाली राहते आणि रिकामा होत चाललेला डबा तरंगायला बघतो, मग त्यावर दगड ठेवा, तो अडकवा, नसते उद्योग.

या मांडणीत मघाचा हिशोब परत करू. मोठ्या डब्याच्या तळाचं क्षेत्रफळ २४०० चौरस सेंटिमीटर, त्यातले १०५० आतल्या डब्याने घेतले, उरले १३५०. बाहेर पाणी १६ सेंटिमीटर ठेवलं, पंपाचं तोंड ५ वर, तर पंप जास्तीत जास्त ११ सेंटिमीटर म्हणजे १५ लिटरच्या आत उचलू शकतो. वर जागा १६ लिटरची. थोडक्यात पण बसलं. शिवाय बाहेरच्या डब्याच्या भिंतीवर रोजचा भार फक्त १६ सेंटिमीटर पाण्याचा, म्हणजे फुगवट्याचाही प्रश्न बराच मिटला.

आता वीज गेली तर. पंप थांबतो, वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या दातांपर्यंत उतरतं आणि पाइपमधलं सगळं खाली येतं. वरचा टँक १२० बाय ४५ असेल तर प्रत्येक सेंटिमीटरमागे ५.४ लिटर. ३ सेंटिमीटर उतरलं, पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं धरलं तर २० लिटर पकडा. आपल्या मांडणीत बाहेरचं पाणी आधी १६ वरून आतल्या काठापर्यंत म्हणजे २२ पर्यंत चढेल, त्यात ८ लिटर मावतील, उरलेले १२ लिटर पूर्ण डब्यात पसरून अजून ५ सेंटिमीटर चढवतील. म्हणजे २७. डबा ३५ उंच असेल तर ठीक, ३० असेल तर धाकधूक, २५ चा असेल तर जमीन पुसायला घ्या. डबा विकत घ्यायच्या आधी कागदावर करायचं गणित हेच आहे.

पण या गणितात एक चोर लपलेला असतो, तो म्हणजे रिटर्न पाइपचं तोंड. ते वरच्या टँकमध्ये पाण्याखाली १० सेंटिमीटर असेल तर पंप थांबल्यावर पाइप सायफन बनतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलटं खाली खेचतो. १० सेंटिमीटर म्हणजे ५४ लिटर! कुठलाही डबा हे झेलणार नाही. म्हणून तोंड पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ ठेवा, किंवा पातळीच्या जरा खाली पाइपला छोटं भोक पाडा म्हणजे हवा शिरून सायफन तुटतो, आणि ते भोक शेवाळाने बुजतं म्हणून अधूनमधून साफ करा. चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, लावून निर्धास्त होणारे बरेच असतात, लावायला हरकत नाही पण त्याच्या भरवशावर गणित करू नका, त्यात एक कचऱ्याचा कण किंवा चुन्याचा थर अडकला की तो पूर्ण बंद होत नाही. आणि ज्यांच्या टँकला भोक नाही, काठावर टांगायचा सायफनवाला ओव्हरफ्लो आहे, त्यांनी जास्त काळजी घ्यायची, वीज परत आल्यावर सायफन सुरूच झाला नाही तर वर सांगितलेला ड्रेन बंद पडल्याचाच प्रकार होतो.

बाष्पीभवनाचं राहिलं. आता सगळी घट त्या १३५० चौरस सेंटिमीटरच्या पंपाच्या भागातच दिसणार, दिवसाला २ लिटर उडालं तर दीड सेंटिमीटर पातळी खाली. आठवडाभर गावाला गेलात तर पंप हवा खायला लागेल. त्यामुळे ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे फ्लोट किंवा सेन्सरने गोडं पाणी भरणारी व्यवस्था, या सम्पला जवळजवळ आवश्यकच. भरायचं ते आरओचं गोडं पाणी, मीठ घातलेलं नाही, कारण पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. टॉप-ऑफची बाटली मुद्दाम छोटी ठेवा. फ्लोट अडकून १० लिटर गोडं पाणी ३०० लिटरच्या सिस्टिममध्ये गेलं तर खारेपणा ३५ (म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ) वरून ३४ च्या आसपास येतो, कोणी मरत नाही. तेच ५० लिटर गेलं तर ३० वर आला, आणि डबाही सांडला.

बाकीच्या गोष्टी पटपट. हीटर प्लास्टिकला टेकता कामा नये, गार्ड लावा किंवा सक्शन कपने भिंतीपासून लांब उभा करा, हीटर उघडा पडून तापला तर डब्याला भोक पडायला वेळ लागत नाही. अर्धपारदर्शक डब्यात उजेड शिरला की शेवाळ येतं, कॅबिनेटमध्ये अंधार असेल तर प्रश्न नाही. कीटोसारखं शेवाळ मुद्दाम वाढवायचं असेल तर त्याला दिवा लागेलच, पण उन्हाच्या जागी डबा ठेवू नका, ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं. पातळ भिंत पंपाची थरथर मोठी करून ऐकवते, पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवला की रात्री झोप लागते. सगळ्या वायरी प्लगकडे जायच्या आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता तिथून खाली ठिबकतं. आणि लाइनला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, हवाच, खारं पाणी आणि वीज यात काटकसर नाही.

डबा ठेवायची जागा पूर्ण सपाट हवी, आणि बूड पूर्ण टेकलेलं. चाकं असतील तर काढा, बुडाला पाय किंवा खोबणी असतील तर खाली फळी आणि पातळ फोम टाका, ६० लिटर खारं पाणी म्हणजे ६१–६२ किलो, ते चार पायांवर उभं करायचं नाही. फुगवटा जास्त वाटला तर बाहेरून लाकडाची चौकट बसवा, डब्याला चारी बाजूंनी घट्ट टेकणारी, पाण्याच्या मधल्या उंचीवर एक आणि काठाखाली एक. काठावर आडवा पीव्हीसी पाइप अडकवून दोन्ही बाजू बांधणारे पण आहेत, तेही चालतं, फक्त धातूचा रॉड नको.

मग चाचणी, आणि ही टाळू नका. टँकला जोडायच्या आधी डबा बाथरूममध्ये किंवा बाहेर ठेवून वीज गेल्यावर पाणी जितकं चढणार त्या उंचीपर्यंत साधं पाणी भरा. रोजच्या पातळीपर्यंत नाही, सगळ्यात वाईट पातळीपर्यंत. लांब बाजूच्या मधोमध रुंदी मोजा, एका दिवसाने परत मोजा, आठवड्याने परत. पहिल्या दिवशी फुगून मग तिथेच थांबला तर ठीक, आठवड्याभरात फुगतच राहिला तर चौकट करा किंवा डबा बदला. जोडल्यावर खारं पाणी भरून पंप चालू असताना बाहेरच्या डब्यावर पातळीची रेघ मारा, मग मुद्दाम पंप बंद करा, पाणी थांबल्यावर दुसरी रेघ मारा. नंतर पंप चालू ठेवून वरचा ड्रेन हाताने बंद धरा आणि वरचा टँक सांडतो का ते डोळ्यांनी बघा, हे करताना एक हात प्लगवर असू द्या. कागदावरचं गणित बरोबर असलं तरी हे करायचंच, कारण डबे वरून रुंद खालून निमुळते असतात, आकडे थोडे इकडेतिकडे होतात.

झाकण फेकू नका. पाइप आणि वायरींपुरत्या खाचा कापून अर्धं झाकण परत बसवलं की मिठाचे शिंतोडे कॅबिनेटभर उडत नाहीत, बाष्पीभवनही कमी होतं, आणि काठ वाकायचा थोडा आवरतो. पूर्ण बंद मात्र करू नका, पाण्याला हवा लागू द्या, आणि पंपाचा भाग वरून दिसेल असा मोकळा ठेवा, नाहीतर ती पातळीची रेघ कोणी बघणारच नाही.